पहिली लँग्वेज कोण ठरवतं?

बारावीचा निकाल लागला की सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक ठरलेला प्रश्न येऊन पडतो. मामाच्या मित्राचा मुलगा, शेजारच्या काकूंची भाची, शाळेतल्या सरांची मुलगी. 'दादा, पहिली लँग्वेज कुठली शिकू?' मी बहुतेकांना 'पायथन' सांगतो आणि बहुतेकांसाठी ते ठीक असतं. मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा उत्तर 'सी' होतं. माझ्या दहा-पंधरा वर्षं आधी ते 'जावा' होतं. त्याही आधी पास्कल, बेसिक, फोरट्रान. शिकणाऱ्या माणसाचं डोकं तर साठ वर्षांपूर्वी होतं तेच आहे. मग उत्तर दर दहा-पंधरा वर्षांनी का बदलतं?

हे शोधत मी बरंच जुनं वाचत गेलो. या प्रश्नावरून मोठमोठ्या माणसांनी एकमेकांवर तोंडसुख घेतलंय, नोकरीतून निवृत्त झाल्यावरही पत्रं लिहिलीत. सिलॅबसच्या एका ओळीमागे केवढं राजकारण असतं, ते वाचल्याशिवाय कळत नाही.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता, कारण निवडायला काही नव्हतं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झालेला टिफ्रॅक (हे नाव त्याला नेहरूंनी १९६२ मध्ये दिलं) चालवायचा तर त्याच यंत्राच्या सांकेतिक भाषेत लिहावं लागे. १९६३ साली आयआयटी कानपूरला आयबीएमचा १६२० आला आणि तिथे फोरट्रान शिकवायला सुरुवात झाली. व्ही. राजारामन यांच्यासारख्या शिक्षकांनी तिथे भारतातल्या प्रोग्रॅमरांची पहिली मोठी पिढी घडवली. फोरट्रान १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या टीमने केली ती शास्त्रज्ञ-इंजिनिअरांची गणितं सोडवण्यासाठी. विद्यार्थी पंच कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि छापील उत्तराची वाट बघायचा. एक स्वल्पविराम चुकला तर पुन्हा रांग. अशा व्यवस्थेत फोरट्रान कोण शिकणार? ज्याच्याकडे सोडवण्याजोगं गणित आहे आणि थांबायची तयारी आहे, तो.

*

'कोण शिकणार' हा प्रश्न पहिल्यांदा कुणी नीट विचारला असेल तर अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी, जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी. केमेनी हंगेरीतून लहानपणी अमेरिकेत आलेले. तरुणपणी लॉस अ‍ॅलामॉसला काम केलेलं, पुढे आइनस्टाइनचे सहायक. कर्ट्झना स्वतःच्या कॉलेजात कॉम्प्युटर नसताना पंच कार्डांची पेटी घेऊन आगगाडीने एमआयटीला जावं लागे आणि संध्याकाळी परत यावं लागे.

डार्टमथच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांचे विषय इतिहास, राज्यशास्त्र, साहित्य असे होते. केमेनींचं म्हणणं असं की उद्या सरकारं आणि कंपन्या हीच मुलं चालवणार आहेत, कॉम्प्युटरबद्दलचे निर्णय हीच घेणार आहेत, आणि त्यांनी कॉम्प्युटर बघितलेलाही नाही. त्यांना फोरट्रान शिकवून चालणार नाही, कारण ती दुसऱ्या आठवड्यात पळून जातील. आधी ते फोरट्रानचीच सोपी आवृत्ती काढायचं बघत होते. मग नवीच भाषा करायचं ठरलं. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास बेसिकमधला पहिला प्रोग्रॅम चालला. सोबतची टाइमशेअरिंग यंत्रणा, म्हणजे एकच कॉम्प्युटर एका वेळी अनेकांना वापरू देणारी यंत्रणा, बरीचशी पदवीच्या विद्यार्थ्यांनीच लिहिली होती.

बेसिकमधल्या ओळींच्या नंबरांची आज टिंगल होते: १०, २०, ३०. पण तेव्हा स्क्रीन नव्हता, कागदावर टाइप करणारं टेलिटाइप होतं. तिसावी ओळ चुकली तर '३०' लिहून ती पुन्हा टाइप करायची, जुनीची जागा नवी घेते. एडिटर नावाची वेगळी वस्तू शिकावीच लागत नाही. पूर्णांक वेगळा आणि दशांश वेगळा ही भानगड विद्यार्थ्यापुढे आणलीच नाही. नंबर म्हणजे नंबर. चूक झाली तर कळेल अशा शब्दांत सांगायचं. उत्तर काही सेकंदांत. मुख्य म्हणजे कॉलेजातल्या कुणीही, कुठल्याही कामासाठी टेलिटाइपवर बसावं, लायब्ररीत उघड्या कपाटातून पुस्तक घ्यावं तसं. 'कशाला हवंय?' असं विचारायचं नाही. खेळ खेळत बसलात तरी चालेल.

अर्थात या 'कुणीही'त तेव्हा एकही मुलगी नव्हती. डार्टमथ १९७२ पर्यंत फक्त मुलांचं कॉलेज होतं. मुलींना प्रवेश सुरू झाला तो केमेनी अध्यक्ष असताना, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

१९७५ मध्ये बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी अल्टेअर या छोट्या कॉम्प्युटरसाठी बेसिक लिहिलं. पुढे घरगुती कॉम्प्युटर आले त्यांच्यातल्या बहुतेकांत बेसिक आधीच भरलेलं असे. बटण दाबलं की समोर बेसिक. आपल्याकडे १९८४ मध्ये सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो दिले, त्यांतही तेच. त्या काळी 'पहिली लँग्वेज कुठली?' याचं उत्तर कुणाला द्यावंच लागलं नाही. समोरच्या यंत्राने ते देऊन टाकलं होतं.

*

विरोध युरोपातून आला. डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६८ साली 'गोटू' या आज्ञेविरुद्ध एक पत्र छापलं. प्रोग्रॅममध्ये कुठूनही कुठेही उडी मारायची सोय असली की थोड्याच वेळात कुणालाच, लिहिणाऱ्यालाही, काय चाललंय ते कळत नाही, असा मुद्दा. पत्राचं गाजलेलं शीर्षक डाइक्स्ट्रांचं नव्हतं. ते दिलं संपादक निक्लाउस विर्थ यांनी. याच विर्थनी दोन वर्षांनी, १९७० मध्ये, झुरिकमध्ये पास्कल आणली, मुख्यतः शिकवण्यासाठी. पास्कलमध्ये कुठली वस्तू वापरणार आणि ती कुठल्या प्रकारची, हे आधी जाहीर करायचं. प्रोग्रॅमचे तुकडे एकात एक नीट बसले पाहिजेत. घरात शिरताना चपला बाहेर काढायच्या, तसं.

बेसिकमध्ये गोटूशिवाय पान हलायचं नाही. १९७५ मध्ये डाइक्स्ट्रांनी एका टिपणात लिहिलं की ज्यांना आधी बेसिकची सवय लागली त्यांना चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळजवळ अशक्य आहे, त्यांची बुद्धी कायमची अधू झालेली असते. फोरट्रान आणि कोबॉललाही त्याच टिपणात फटके आहेत. हे वाक्य आजही प्रोग्रॅमर लोक चवीने फॉरवर्ड करतात. मला ते पटत नाही. लिनस टोरवाल्ड्सची सुरुवात आजोबांच्या कमोडोरवर बेसिकनेच झाली आणि आज जगातले सर्व्हर त्याने सुरू केलेल्या लिनक्सवर चालतात. पहिल्या भाषेने लागलेल्या सवयी सुटतात. लागलेली भीती सुटायला जास्त त्रास होतो, आणि भीतीबद्दल डाइक्स्ट्रा काही बोलत नाहीत.

खरं तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या मुलांबद्दल बोलत होत्या. डाइक्स्ट्रांच्या डोळ्यांसमोर होता तो पुढे आयुष्यभर प्रोग्रॅम लिहिणार होता. केमेनींच्या डोळ्यांसमोरचा इतिहासात एमए करणार होता. एकाच वर्गात दोघं बसले तर काय करायचं, हे कुणीच सांगितलं नाही.

*

आपल्याकडे मात्र तो वर्ग भरला. माझ्या कॉलेजात पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंग सगळ्या ब्रँचना सक्तीचं होतं. सिव्हिल, मेकॅनिकल, सगळे. म्हणजे परिस्थिती केमेनींची, आणि भाषा दिली सी.

सी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी केली ती युनिक्स लिहिण्यासाठी. तिच्यात मेमरीला थेट हात घालता येतो, कारण ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्याला ते लागतंच. कर्निगन आणि रिची यांचं १९७८ चं प्रसिद्ध पुस्तक प्रस्तावनेतच सांगतं की हे प्रोग्रॅमिंगची तोंडओळख करून देणारं पुस्तक नाही, वाचकाला थोडंफार येत असेल असं आम्ही धरून चालतोय. आपण ते गृहीतक गाळलं आणि भाषा ठेवली.

का ठेवली, याची कारणं मला अगदी व्यवहारी वाटतात. बोरलँड कंपनीचं १९८७ साली आलेलं टर्बो सी कुठल्याही मरतुकड्या पीसीवर चालायचं. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जायचं, इंटरनेट लागायचं नाही. शिकवणारे बरेच जण इलेक्ट्रॉनिक्सकडून आलेले, त्यांना हार्डवेअरजवळची भाषा घरची वाटायची. (आपल्या अकरावी-बारावीच्या बायफोकलमध्येही सी प्लस प्लसच्या शेजारी ८०८५ मायक्रोप्रोसेसर बसलेला असतो, तो उगाच नाही.) पुस्तकं होती. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी असायचंच, आणि इंग्रजीचा धाक न घालता लिहिलेलं म्हणून आमच्यातल्या कित्येकांना त्याने तारलं. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे सीवर पेपर काढणं सोपं. 'खालील प्रोग्रॅमचं आउटपुट काय?' असा प्रश्न टाकला की झालं. एकाच ओळीत 'आय'ला पुढून-मागून दोनदा वाढवून बेरीज विचारायची, हा तर परीक्षांपासून कॅम्पस इंटरव्ह्यूपर्यंत सगळ्यांचा लाडका प्रश्न. सीच्या अधिकृत नियमांप्रमाणे त्याला ठरलेलं उत्तरच नाही, प्रत्येक कंपायलर आपापलं उत्तर देऊ शकतो. आम्ही टर्बो सीचं उत्तर पाठ केलं आणि मार्क मिळवले.

२०१५ च्या आसपासची ही गोष्ट. लॅबमधल्या विंडोजवर टर्बो सी चालेनासं झालेलं, म्हणून आधी जुन्या डॉसचं सोंग करणारं डॉसबॉक्स उघडायचं आणि त्यात तो निळा स्क्रीन. पूर्णांक दोन बाइटचा, म्हणजे ३२७६७ च्या पुढे मोजता येत नाही, हे आम्ही जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलं. तेव्हा खिशातल्या फोनचा पूर्णांक चार बाइटचा होता.

माझ्या शेजारच्या खोलीतला मित्र धाराशिवकडचा, सिव्हिलचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणितात आमच्या सगळ्यांच्या पुढे. सीमध्ये कीबोर्डवरून साधा एक आकडा वाचायचा तर 'स्कॅनएफ'मध्ये नावाआधी 'अँड'चं चिन्ह लावावं लागतं. त्याचा अर्थ 'या वस्तूचा मेमरीतला पत्ता'. पत्ता म्हणजे काय, हे पुढच्या युनिटमध्ये, पॉइंटर आले की. तोवर 'लावायचं असतं म्हणून लावा'. चिन्ह विसरलं तरी प्रोग्रॅम कंपाइल होतो आणि मग कधी भलताच आकडा येतो, कधी 'नल पॉइंटर असाइनमेंट' असं काहीतरी येतं. एका प्रॅक्टिकलला त्याचे दोन तास त्या एका चिन्हापायी गेले. विचारायला गेला तर 'नीट बघ' एवढंच उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी 'एल-व्हॅल्यू रिक्वायर्ड'. याला वाटलं आपलं इंग्रजी कच्चं. वस्तुतः लंडनमध्ये जन्मलेल्या मुलालाही त्या दोन शब्दांतून काही कळलं नसतं. पण मराठी माध्यमातून आलेला मुलगा चूक आधी स्वतःच्या इंग्रजीत शोधतो, मग स्वतःत. त्याने पुढे वर्षभर प्रोग्रॅम पाठ करून पेपर काढला.

आज तो एका सहकारी बँकेत आहे. थकीत कर्जांची त्याने बनवलेली एक्सेल शीट मी पाहिलीय. अटीत अट, एका शीटमधून दुसऱ्या शीटमध्ये शोध, तारखांची गणितं, आणि चुकीची नोंद पडली तर खण लाल. हा प्रोग्रॅम आहे, आणि चांगला लिहिलेला प्रोग्रॅम आहे. 'हे प्रोग्रॅमिंगच आहे रे,' म्हटलं तर तो हसतो. 'गप रे, मला कुठे येतं प्रोग्रॅमिंग.'

मला स्वतःला सीने पुष्कळ दिलं. कॉम्प्युटरच्या आत मेमरी नावाची सलग जागा असते आणि बाकी सगळा मुलामा आहे, हे तिच्यामुळे हाडांत शिरलं. दुसरी भाषा म्हणून मी ती आजही कुणालाही सांगेन. पण 'सीने चाळणी लागते, टिकतात ते खरे' असं सीनिअर लोक म्हणतात तेव्हा मला धाराशिवचा तो गणिती आठवतो. चाळणीत खाली काय पडलं, हे कुणी तपासलंय?

*

अमेरिकेतही या निवडी फार उदात्त कारणांनी झाल्या असं नाही. तिथली शाळकरी मुलांसाठीची एपी कॉम्प्युटर सायन्स परीक्षा १९८४ साली पास्कलवर सुरू झाली, १९९९ मध्ये सी प्लस प्लसवर गेली आणि चार-पाच वर्षांत जावावर. मुलं तीच, बाजार बदलला. २००१ मध्ये टेक्सास विद्यापीठाने पहिल्या कोर्समधून हॅस्केल काढून जावा आणायचं ठरवलं तेव्हा निवृत्त झालेल्या डाइक्स्ट्रांनी विरोधाचं पत्र लिहिलं. नेहमीच्या पद्धतीचं प्रोग्रॅमिंग बहुतेकांना आधीपासून थोडंफार येत असतं, हॅस्केलसारखी वेगळीच भाषा समोर आली की प्रोग्रॅमिंग आपल्याला वाटलं त्याहून मोठं आहे हे त्यांना लगेच कळतं, असा त्यातला एक मुद्दा होता. इथे मात्र मी त्यांच्या बाजूचा आहे, कारण घरी कॉम्प्युटर असलेली आणि नसलेली मुलं एका वर्गात कशी बसतात ते मी पाहिलंय. जावाच आली.

एमआयटीची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथे १९८० पासून पाव शतकाहून थोडा जास्त काळ पहिला कोर्स स्कीम या छोट्याशा, देखण्या भाषेत शिकवला जाई. तो बंद करून त्या जागी पायथनवाला कोर्स आला तेव्हा मूळ कोर्स रचणाऱ्या जेराल्ड ससमन यांनी कारण सांगितलं. पूर्वीचा इंजिनिअर लहान, पूर्ण समजलेल्या भागांतून मोठी वस्तू बांधायचा. आताचा इंजिनिअर दुसऱ्याने लिहिलेली अवाढव्य लायब्ररी घेतो, ती काय करते ते हलवून-ढोसून बघतो आणि काम भागवतो. रोजचं ऑफिस इतक्या अचूक शब्दांत मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आणि पायथनच का? तर कोर्समधल्या रोबोंसाठीची लायब्ररी पायथनमध्ये होती म्हणून. एवढंच.

२०१४ पर्यंत अमेरिकेतल्या पहिल्या दहा कॉम्प्युटर सायन्स विभागांपैकी आठ सुरुवातीच्या कोर्समध्ये पायथन शिकवत होते. आपल्याकडे सीबीएसईने अकरावी-बारावीला सी प्लस प्लस सोडून पायथन घेतली, आणि माझ्या विद्यापीठाचा पहिल्या वर्षाचा सिलॅबसही आम्ही बाहेर पडल्यावर बदलला. आता कुणी विचारलं की मी उत्तराआधी दोन गोष्टी विचारतो: लॅपटॉप आहे की फक्त फोन, आणि बनवायचंय काय? फोनच असेल आणि वेबसाइट बनवायची असेल तर जावास्क्रिप्टसाठी काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही, ती ब्राउझरमध्ये आधीच बसलेली आहे, एकेकाळी घरगुती कॉम्प्युटरमध्ये बेसिक असायची तशी. शीटमध्ये हिशेब करणाऱ्याने शीटपासूनच सुरुवात करावी. बाकीच्यांना पायथन.

पायथनची बाजारातली चलती डेटा सायन्समुळे आहे, पण तिचं सोपेपण त्याच्या बरंच आधीचं आहे. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत लॅम्बर्ट मेर्टेन्स आणि त्यांचे सहकारी सत्तरच्या दशकात बेसिकच्या जागी नवशिक्यांसाठी चांगली भाषा करायच्या मागे होते. तिचं नाव पुढे एबीसी पडलं. ती चालली नाही. पण तिच्यावर काम केलेल्या गुइडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत पायथन लिहायला घेतली तेव्हा एबीसीतल्या बऱ्याच गोष्टी उचलल्या. ओळी आत सरकवून लिहायची पद्धत त्यातलीच. आणि ओळीच्या शेवटी येणारा कोलनही.

त्या कोलनची गोष्ट अशी. १९७८ साली पोलंडमध्ये याब्लोन्ना इथल्या एका जुन्या हवेलीत मेर्टेन्स, रॉबर्ट ड्यूअर आणि आणखी दोघं शास्त्रज्ञ एकाच प्रोग्रॅमच्या निरनिराळ्या मांडण्या पुढे ठेवून वाद घालत बसले होते. कुठली सोपी, यावर एकमत होईना. शेवटी ड्यूअर यांच्या पत्नी करिन यांना खोलीतून बोलावून आणलं आणि पहिली मांडणी समजावून सांगितली. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, म्हणजे 'फॉर'च्या ओळीत जे लिहिलंय ते खालच्या ओळींसाठी आहे होय, त्या एका ओळीपुरतं नाही? चौघांपैकी कुणाच्याही डोक्यात ही शंका आली नव्हती. ओळीच्या शेवटी कोलन असता तर घोटाळा झाला नसता, हे त्यांच्या तिथेच लक्षात आलं. पुढे एबीसीत 'फॉर'च्या ओळीशेवटी कोलन बसला, आणि तिथून तो पायथनमध्ये आला.